उदबत्तीने दाखवलेली फट

गंगापूर रोडला आम्ही नवीन घर बांधलं आणि मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. घर साधं नव्हतं ना, हरित घर होतं! वीज कमी खाणारं, उन्हाळ्यात थंड राहणारं. पण ते आपण म्हणून चालत नाही. त्रयस्थ संस्थेचा माणूस येऊन तपासतो, मग प्रमाणपत्र मिळतं. मी मात्र त्याआधीच मी काम करतो त्या सातपूरच्या कारखान्यात पेढे वाटून बसलो होतो. (घाई माझ्या रक्तातच आहे.) आता नापास झालो तर तोंड कुठे लपवणार?

तपासायला सायली नावाची पंचविशीतली मुलगी आली.

"चहा टाकते हं," माझी आई म्हणाली.

"नको आजी. ज्यांचं घर तपासतो, त्यांच्याकडचं काही घेत नाही आम्ही. नियम आहे."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो नियम मीच केला होता. जी पोरगी चहाला बधत नाही, ती कशालाच बधणार नव्हती!

तिने पुढच्या दारात जाड कापड ताणून मधोमध भला मोठा पंखा बसवला. बाकी सगळं बंद करायचं, पंख्याने हवा आत ढकलायची आणि ती किती निसटते ते मोजायचं. फटी जास्त, तर आकडा मोठा. आमचा आकडा बघून सायलीच्या कपाळाला आठी पडली आणि मला दरदरून घाम फुटला.

"मागचं दार कोणी उघडं टाकलंय?" मी बायकोवर ओरडलो.

"बंदच आहे!" वैशाली त्याहून मोठ्याने ओरडली.

"आई, देवघराची खिडकी?"

"मी कशाला उघडू?"

मग मी सुताराला फोन लावून झापलं आणि चिकटपट्टी घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढलो.

"सर, चिकटपट्टी लावलीत तर चाचणी रद्द होईल."

मी उतरलो.

फट शोधायला धूर लागतो आणि सायलीचं धुराचं यंत्र नेमकं चालेना. "उदबत्ती चालेल का गं?" आईने विचारलं. चालली! चहा नाही तर नाही, घरातलं काहीतरी घेतलं म्हणून आई खूश झाली.

उदबत्ती घेऊन सायली पुढे, मागे आई, वैशाली आणि रामरक्षा पुटपुटणारा मी. हॉलमध्ये धूर सरळ. देवघरात सरळ. जिन्यात मात्र तो वर वळला आणि माझी रामरक्षा अर्धवट राहिली. वर काय आहे, ते मला तेव्हा आठवलं!

"वर जायची काही गरज नाही," मी म्हणालो.

"का हो?" वैशालीने थांबून विचारलं.

धूर शिस्तीत वरच्या बाथरूममध्ये शिरला आणि खिडकीच्या कडेने बाहेर पडला. खिडकीचं रबर गायब होतं. ते मीच काढलं होतं. उघडताना खिडकी कुरकुरायची आणि खाली ऐकू जायचं! रबर बाहेरच्या सज्ज्यावर सापडलं, सिगारेटच्या पाकिटाशेजारी. 'आमच्या प्रकाशने सिगारेट सोडली' असं आईने अख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं.

आई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती उरलेली उदबत्ती घेऊन देवघरात गेली.

रबर बसवल्यावर आकडा झरझर खाली आला. घर पास! सायली अहवाल लिहायला बसली, तसा मी हळूच सरकलो.

"मॅडम, कारणापुढे सुताराची चूक लिहा ना."

"सॉरी सर. आम्ही त्रयस्थ. जे दिसलं तेच लिहितो."

आणि तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गळतीचे कारण: घरमालकाचे चोरून धूम्रपान.'

प्रमाणपत्र कपाटात आहे. फ्रेम करून हॉलमध्ये वैशालीने लावलंय ते अहवालाचं हे पान, आणि आल्या-गेल्याला ती ते मलाच मोठ्याने वाचून दाखवायला लावते!