वहिनीला कसला त्रास!

निरोप आमच्या खालच्या वाण्याच्या फोनवर आला. "कांजूरला ताबडतोब या, घरात वाईट झालंय," एवढाच. मी धरूनच चालले की दादा गेला. किती वर्षं आम्ही सगळेच त्या बातमीच्या तयारीत होतो. मुलुंडहून रिक्षाने जाताना वहिनीला काय म्हणायचं तेच मी मनात जुळवत होते... सुटला गं बिचारा, आता तूही जरा स्वतःकडे बघ, असलं काहीबाही. जिना चढून दारात पोचले तर दादा खाटेवर, नेहमीसारखा उशांना टेकून धापा टाकत बसलेला. आणि खाली जमिनीवर, चादर पांघरलेली वहिनी. चहाची भांडी घासताना मोरीतच कोसळली होती. डॉक्टर म्हणाले, हृदयच बंद पडलं. येणारा प्रत्येक नातेवाईक दादासाठी रडायची तयारी करून आलेला. दारात येऊन गोंधळायचा आणि मग कुणाकडे बघून रडावं ते त्याला कळायचं नाही.

दादाचं हृदय कमकुवत झालं, अंगात पाणी साठायला लागलं, तसा तो गिरणीतून कायमचा घरी बसला. डॉक्टरांनी मीठ तोडलं. वहिनी मालवणकडची, बांगड्याच्या झणझणीत तिखल्यावर, रश्श्यावर वाढलेली. दादासाठी वेगळं आळणी रांधून स्वतः व्यवस्थित जेवली असती तर कोण काय म्हणणार होतं? पण नाही. तिने अख्ख्या घराचंच मीठ बंद केलं. मी वैतागून विचारलं तर म्हणाली, "हेंच्या ताटात मीठ नाय, मगे माझ्या ताटात कित्याक?" आमसुलं जास्त घालायची, तिरफळं घालायची आणि त्यालाच चव म्हणायची. रोज सकाळी दादाच्या नडगीवर अंगठा दाबून सूज बघायची. प्यायचं पाणी भांड्याने मोजून द्यायची, उन्हाळ्यात तो चिडून ओरडला तरी जास्त द्यायची नाही. उताणं झोपलं की त्याला श्वास लागे. उशा घसरायच्या आणि भिंत ओली, म्हणून भिंत आणि दादा यांच्यामध्ये, त्याला अंगावर टेकवून, ती स्वतः बसायची. रात्रभर. हे मला तिने सांगितलं नाही, शेजारणीने सांगितलं.

कधीतरी रविवारी दादाचा गिरणीतला मित्र त्याच्या सोबतीला बसायचा, तेवढी वहिनी माझ्याकडे यायची. मी तिच्यासाठी खारा बांगडा भाजून ठेवायचे. काटेसुद्धा चोखून खायची. मग साबणाने दोनदोनदा हात धुवायची आणि माझ्या नाकापुढे धरून विचारायची, "वास गेलो काय गो?" "गेला गं बाई, जरा पड आता," म्हटलं की उघड्या फरशीवर आडवी व्हायची. वरच्या मजल्यावर टीव्हीवरची मालिका मोठ्याने चालू असली तरी तिला पत्ता नसायचा. तिचेही पाय सुजलेले दिसायचे. मी बोट दाखवलं की साडी खाली ओढायची. उभी राहून सुजले म्हणायची.

एकदा दादाला इस्पितळात तपासायला नेलं तेव्हा मीही बरोबर होते. तिथे एक तरुण मुलगी आली, समाजसेवेचं शिकणारी, चांगली गोड होती. म्हणाली, घरात हृदयाचा पेशंट असला की सांभाळणाऱ्यावर किती भार पडतो, तो आम्हाला मोजायचाय. झोप पुरते का, कधी चीड येते का, सगळं सोडून जावंसं वाटतं का... एकेक विचारत गेली. वहिनीचं उत्तर ठरलेलं, "कधीच नाय. माका कसलो त्रास?" दादा शेजारीच, छताच्या पंख्याकडे बघत बसलेला. शेवटी ती मुलगी कौतुकाने म्हणाली, "मावशी, तुमच्यावर तर काहीच भार नाही!" मी तशी फटकळ, बाहेर आल्यावर वहिनीला बाजूला घेऊन झापलंच. "खोटं कशाला बोललीस?" ती म्हणाली, "हे बाजूक बसलेले. तेंच्या तोंडार सांगू, तुमचा माका झेपणा नाय म्हणान?"

तेराव्यानंतर दादाला माझ्याकडे आणलं. आठवड्याभरात माझी वाट लागली. कंबर गेली, झोप गेली, ऑफिसात डोळे मिटायला लागले. एकदा पाण्यावरून मी दादाच्या अंगावर ओरडले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले, दादासाठी नाही, वहिनीसाठी. हे सगळं ती एकटी, न ओरडता करत होती... आणि आम्ही मात्र तिला 'किती हसतमुख' म्हणून मोकळे व्हायचो. आजही स्वतःचा संताप येतो.

परवा दादाला तपासायला घेऊन गेले. तीच मुलगी भेटली. "मावशी नाही आल्या?" म्हणाली. सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. मग चाचरत म्हणाली, "आता तुम्ही बघता ना यांचं? तुम्हाला विचारलं तर चालेल?" दादा शेजारीच होता. तिने विचारलं, "फार थकायला होतं का?" आणि मी, फटकळ म्हणून सगळ्या खानदानात प्रसिद्ध असलेली मी, तोंड उघडलं आणि म्हणाले, "छे हो, कसला त्रास!"

"हिला बाहेर नेऊन विचारा," दादा म्हणाला.

श्वास पुरत नव्हता, तरी तो थांबत थांबत बोलला, "तिलाही तुम्ही माझ्यासमोरच विचारलंत. ती खोटं बोलत होती... कळत होतं मला. पण ऐकायला बरं वाटायचं ना. म्हणून गप्प बसलो."

ती मुलगी मला जिन्याकडे घेऊन गेली. ती माझ्याबद्दल विचारत होती आणि मी वहिनीबद्दलच सांगत सुटले होते. तिने अडवलं नाही, नुसता माझा हात धरून ठेवला. परत आले तेव्हा गर्दी ओसरली होती. दादा बाकाच्या अगदी टोकाला अंग चोरून बसला होता. बाकी सगळा बाक रिकामा. पिशवीसुद्धा त्याने मांडीवर घेतली होती, वहिनी बसायची त्या शेजारच्या जागेवर ठेवली नव्हती. मी आपली उभीच राहिले.