आतोबांचं निदान

जगातल्या प्रत्येक माणसाला कशाची ना कशाची अ‍ॅलर्जी असते आणि ती शोधून काढायलाच परमेश्वराने आपल्याला तेलुगू मुलखातल्या नल्लकुंट्यात जन्माला घातलं, याविषयी माझ्या आतोबांना तिळमात्र शंका नव्हती.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांनी उभी हयात वकिली केलेली, त्यामुळे समोर कुणी नुसतं शिंकलं तरी त्याची उलटतपासणी सुरू होई. काल काय खाल्लंस? साबण कुठला? घरात मांजर आहे का? बाजार नुकता खुला झाला होता. हिमायतनगरच्या दुकानांत रोज नवा शाम्पू, नवं अत्तर, नवी बिस्किटं येऊन पडत आणि आतोबांच्या लेखी त्यातली प्रत्येक वस्तू आरोपी. "देशाची दारं उघडलीत ना, मग धूळ आत येणारच," असं ते म्हणत. गंमत म्हणजे ते पुष्कळदा बरोबर निघत. शेजारच्या तेलुगू मास्तरांच्या मनगटावरचं पुरळ कशानेच जाईना, तेव्हा आतोबांनी त्यांच्या नव्या घड्याळाचा पट्टा काढायला लावला. पंधरा दिवसांत मनगट साफ! मास्तर त्यांना आदराने डॉक्टरगारू म्हणू लागले आणि आतोबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अशा माणसाच्या घरातच आत्याच्या अंगावर गांधी उठू लागल्या. ती म्हणे पित्त आहे, आणि आमसुलाचं पाणी चोळून मोकळी होई. आतोबांनी मात्र खटला चालवायला घेतला. एकेक जिन्नस बंद करून पाहायचा, आणि नियम मोडू नये म्हणून स्वयंपाकही स्वतःच करायचा. गहू गेला, दूध गेलं, वांगी गेली. ताटात भात, भोपळ्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर एवढंच उरलं, तरी गांधी हटेनात. "आता तेवढं तुम्हाला सोडून बघायचं राहिलंय," आत्या म्हणाली.

मग एकादशी आली. मी तारनाक्याच्या माझ्या घरून सहज त्यांच्याकडे गेलो होतो. आतोबा खुशीत होते. "आज तर तुझा उपास. आज गांधी उठतात कशा, तेच बघतो," असं म्हणत त्यांनी सढळ हाताने दाण्याचा कूट घालून साबुदाण्याची खिचडी केली. चार घासांत आत्याचे ओठ सुजले, आवाज बसला, श्वासाला शिट्टी वाजू लागली. रिक्षात आतोबा तिचा हात घट्ट धरून बसले होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणालाही एकही प्रश्न विचारला नाही. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा झाला. मी भिंतीला टेकून रडलो, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

महिन्याभराने अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंनी आत्याच्या हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून सुई हलकेच टोचली. पाव तासात एकाच थेंबाखालची कातडी फुगून आली. बाई इथल्या दखनीत म्हणाल्या, "अंकल, आंटी कू मूंगफल्ली नक्को. चटनी में नक्को, सालन में नक्को. घर में कौन डालते?"

"मैंच डालताऊँ," आतोबा म्हणाले.

भोपळ्यात कूट, कोशिंबिरीत कूट. तो आम्हाला जिन्नस वाटलाच नव्हता. मिठासारखा आपला पडायचा. बाईंनी गांधींसाठी गोळ्या दिल्या आणि घसा सुजलाच तर द्यायचं इंजेक्शन आतोबांना शिकवलं. ते मोसंब्यात सुई टोचून सराव करत. पण लोकांचं निदान करणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. मास्तर पाठीवरचं नवं पुरळ घेऊन आले, तर त्यांनाही हात जोडून डॉक्टरकडे पाठवलं. मला ते घर ओळखीचं वाटेना.

एका दुपारी मी त्यांच्या पडवीत लागोपाठ सहा वेळा शिंकलो. आतोबा वर्तमानपत्रातून मान वर करीनात. आत्या म्हणाली, "अहो, विचारा ना त्याला."

"मला काय कळतंय?"

"कळतं तुम्हाला. एकदा चुकलात. मी बसलेय ना समोर धडधाकट?"

 आतोबा वर्तमानपत्राची घडी घालून, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाले, "उशी कसली आहे रे तुझी? जुन्या कापसाची?"

माझी उशी नवीकोरी, फोमची होती.

"हो आतोबा," मी म्हणालो. "जुन्या कापसाचीच."