पाचवीची मच्छरदाणी

आमच्या गावचे डास साधे नव्हेत. धर्माबादच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. हे डास सकाळी तेलंगणात जाऊन भात-पप्पू, म्हणजे तिकडचं वरण, खातात आणि दिवेलागणीला रक्त प्यायला इकडे परततात. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका डासाने आमची कोंबडी खुराड्यावरून उचलली, बाभळीपर्यंत नेली, आणि मग हलकी वाटली म्हणून परत आणून ठेवली. ही गोष्ट मी पारावर इतक्यांदा सांगितली की त्या कोंबडीलाही ती पाठ झाली. पारावर लोक हसायचे. घरात कोणी हसत नसे, कारण घरातल्यांना माझं बोलणं ऐकू येणंच बंद झालं होतं.

मग लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्या महिन्यात तिला थंडी वाजून ताप आला. भर उन्हात, होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्यांखाली, पोरीच्या हुडहुडीनं खाट वाजत होती. सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं बोट टोचून रक्त तपासलं. मलेरिया. गोळ्यांनी ताप उतरला, पण ओठ पांढरे पडले ते पडलेच. नातू दवाखान्यात सुखरूप जन्मला, पण इतका हलका की सुपात ठेवला असता तर पाखडताना उडाला असता. ही माझी थाप नाही, तिथल्या काट्याला विचारा.

पोरगी बाळाला घेऊन घरी आली त्या दिवशी आशाताईनं औषध लावलेली मच्छरदाणी आणून खाटेवर बांधली आणि मला अंगणात बाजूला घेतलं.

"काका, शेजारी ताप चालू हाय. दिवस मावळायच्या आत मायलेकरं जाळीत पाहिजेत. पोरगी एकदा निभावली. पुन्हा ताप आला तं तिच्या अंगात झुंजायला रक्त न्हाई. आन् लेकराचं तं इचारूच नका."

मी नुसती मान हलवली. आशाताई जाता जाता दोनदा मागे वळून बघत होती. मला गप्प बसलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

पाचवीच्या दिवशी देवणीहून विहीणबाई आल्या. त्यांचा आवाज असा की ज्या एसटीत त्या बसल्या, तिच्या ड्रायव्हरला हॉर्न वाजवायची गरज पडली नसणार. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून झाला होता. हळदकुंकू, लिंबू, दिवा, शेजारी कोरा कागद आणि पेन. पाचवीला सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विहीणबाईंनी पूजा बघितली, मान डोलावली, आणि मग त्यांची नजर खाटेवर गेली.

"अगं बाई! देवीच्या वाटंत पडदा?"

"डासांसाठी हाय, विहीणबाई."

"इवाई, आज सटवाई येणार. जाळीतून ती काय लिहिल? कपाळ कोरं राहिलं तं पोरगं जलमभर कोरंच फिरल. काढा ती."

सूर्य पार शेजारच्या पत्र्यांपर्यंत उतरला होता. मी म्हटलं, देवी अख्ख्या मुलखात भिंतीतून, कुलपातून फिरते, तिला जाळीचं काय? नांदेडच्या एका सावकाराच्या तिजोरीत शिरून तिनं लिहिलेलं मी पाहिलंय, आत त्याचं पोरगं झोपलं होतं.

"तिजोरीत पोरगं?" विहीणबाई म्हणाल्या. "आन् तुमचा डास कोंबडी उचलतो म्हणं. माझ्या लेकानं सगळं सांगितलंय मला."

मग मी खरं बोललो. पोरीला मलेरिया झाला होता, रक्त आटलंय, आशाताईनं बजावलंय. सगळं अगदी सरळ सांगितलं, कुठे मीठ नाही की मसाला नाही. विहीणबाईंनी माझ्या बायकोकडे बघितलं.

"खरं हाय का हे?"

आता इथं गाठ होती. त्या तापाचं आम्ही पोरीच्या सासरी कळवलंच नव्हतं. पोरगी नाजूक निघाली, माहेरच्यांनी नीट जपली नाही, असा बोल यायला नको म्हणून नवराबायकोनं मिळून तोंड शिवलं होतं. जावयालाही नुसतं 'थोडी कणकण हाय' एवढंच सांगितलं होतं. माझी बायको माझ्याकडे न बघता म्हणाली,

"अंग गरम झालतं थोडं. हे सांगून राहिले तेवढं न्हाई."

आणि जाळीच्या दोरीची पहिली गाठ तिनंच सोडली. तिला मी काय बोलणार? आमचं पहिलं लेकरू गेलं, त्याची पाचवी पुराच्या पाण्यानं राहिली होती. तेव्हापासून ती पाचवीच्या पुढ्यात कोणाचं ऐकत नाही, माझं तर नाहीच.

जाळी खाली आली आणि तिन्हीसांज झाली. आधी एक गुणगुण, मग दुसरी, मग कोपऱ्याकोपऱ्यातून. बायकोनं कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली, तर बाळ खोकलं. खोकला तरी कसला, मांजराच्या पिलानं शिंकावं तसा. धुरी बाहेर नेली. मी सदरा काढला आणि उघड्या अंगानं खाटेला टेकून बसलो. या रे म्हटलं, इथं मोठं ताट वाढलंय. ते आले. पाठ इतकी पेटली की तिच्यावर भाकरी भाजली असती.

"अप्पा, सदरा घाला," लेक म्हणाली.

मी हललो नाही. तेव्हा ती उठून बसली. अंगात उठायचं बळ नव्हतं, तरी उठली. बाळाला छातीशी घेतलं आणि पदरानं असं गुंडाळलं की नुसतं कपाळ दिसत होतं.

"आत्याबाई, कपाळ उघडं हाय. देवीला तेवढं पुरं. बाकीचं लेकरू माझं."

तशीच रात्रभर बसून राहिली पोरगी, कोणी काही सांगितलं तरी आडवी झाली नाही.

उजाडल्यावर बघितलं तर बाळाच्या अंगावर कुठेच काही नव्हतं. कपाळावर मात्र बरोब्बर मधोमध एक लाल गांधी उठली होती.

"लिहिलं देवीनं," विहीणबाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. बायकोनं जाळी परत बांधली.

मग वाट बघणं सुरू झालं. आशाताई म्हणाली, चावलेला प्रत्येक डास तापाचा नसतो, पण ताप यायचाच असला तर लगेच येत नाही, अंगात मुरून येतो, लक्ष ठेवा. मी दिवसातून शंभरदा त्या कपाळाला हात लावायचो. पारावर लोक म्हणाले, कोंबडीची गोष्ट सांगा. मला आठवेना.

बारसं झालं तरी विहीणबाई देवणीला गेल्या नाहीत. एका दुपारी मलाच थंडी भरली. दात असे वाजायला लागले की बँजोवाल्यांनी सुपारी दिली असती.

"बस करा," बायको म्हणाली. "पाहुण्याम्होरं तरी नाटक नको."

तेवढ्यात आतून विहीणबाईंचा आवाज आला. "इकडं या! पोराचं कपाळ तापलंय!"

आशाताई धावत आली, काखेत थर्मामीटर लावला आणि म्हणाली, एवढ्या लहान्या जिवाला ताप म्हणजे घरात थांबायचं न्हाई. जीपमध्ये मी पुढे थडथडत, मागे लेक, बाळ आणि दोघी आज्या. धर्माबादचा रस्ता त्या दिवशी कोणीतरी रबरासारखा ओढून लांब केला होता. वाटेतच बायकोला हुंदका फुटला आणि तिनं आठव्या महिन्याचा ताप, गोळ्या, पांढरे ओठ, सगळं सांगून टाकलं.

विहीणबाई म्हणाल्या, "मला का न्हाई सांगितलं? मी खाल्ली असती का तिला? सांगितलं असतं तं मी जाळीला हात लावला असता का?"

"लावला असता, आत्याबाई," लेक म्हणाली.

दवाखान्यात टाचेतून रक्त घ्यायला बाळाचा पाय कोणीतरी धरायचा होता. माझे हात थरथरत होते. विहीणबाईंनी धरला. सुई टोचली तेव्हा बाळ रडलं आणि त्याच्याहून मोठ्यानं त्या रडल्या. मग आम्ही बाकावर बसलो. माझा कागद आधी आला, मलेरिया. बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हलवला नाही. लेकीचं रक्त स्वच्छ निघालं. बाळाचं यायला वेळ लागला. त्या वेळात मी सटवाईशी, मारुतीशी आणि नदीपलीकडच्या माझ्या ओळखीच्या नसलेल्या देवांशीही बोललो.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मलेरिया नाही. कपडे सोडल्यावर अंगही निवलंय. शेगडीजवळ ठेवता का? दोन दुपटी नि वर गोधडी? उबेनं तापलं होतं ते. तरी आजचा दिवस इथं राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. मी गोळ्या खाऊन ओट्यावर आडवा झालो. आत विहीणबाई जाळी बांधत होत्या. ऊन अजून पायरीवर होतं. चौथ्या कोपऱ्याची दोरी तुटली होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, नेसत्या लुगड्याचा काठ दाताखाली धरून टर्रकन फाडला आणि त्या चिंधीनं गाठ मारली. मग खाली बसून कडा गोधडीखाली खोचत गेल्या, आधी लेकीच्या पायाशी आणि मग उशाशी.

"आत्याबाई, अजून दिवस हाय," लेक म्हणाली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तू झोप."