किल्ली शेजारणीकडे

घरात शिरल्या की त्या आधी दारातच थांबायच्या. हातातली पिशवी खाली न ठेवता खोलीभर नजर फिरवायच्या. दिवा, खुर्ची, घड्याळ, चहाचा डबा. मग स्वतःशीच म्हणायच्या, "ठीक. मी ठेवलं तसंच आहे." मगच अंगावरचा कोट निघायचा.

इथे अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या शेजारच्या घरात त्या एकट्या राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, उंच, ताठ. पूर्व जर्मनीत शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, म्हणून मी मनात त्यांना 'बाई' म्हणायचे. मुलाच्या नोकरीमागे इथे आल्या. मुलगा पुढे पश्चिम किनाऱ्याला गेला, बाई इथेच राहिल्या. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला की दार वाजवून सांगायला येणारी अशी एक म्हातारी तुमच्याही नेबरहुडमध्ये असेल. पहिलं वर्षभर मला त्यांचा रागच यायचा.

गट्टी जमली ती दिवाळीत, चकलीवरून. बाईंनी चकली उजेडात धरून तिचे काटे निरखले. "काटेरी तार," त्या म्हणाल्या. "आमच्याकडची खाता येत नव्हती."

मग हळूहळू कळत गेलं. तरुणपणी दोन माणसं शाळेत त्यांना भेटायला आली होती. अगदी सभ्य. बाईंची एक मैत्रीण सरकारविरुद्ध बोलायची. ती कुणाला भेटते एवढंच कळवत जा, म्हणाले, आणि इथे सही करा. बाईंनी सही केली नाही.

"मारहाण, तुरुंग, काही नाही," बाई म्हणाल्या. "फक्त मी शाळेत गेले की घरात कुणीतरी यायचं. चोरी नाही करायचे. मिठाच्या बरणीत साखर. टॉवेल उलटे घडी केलेले. घड्याळ एक तास पुढे. पोलिसांत काय सांगणार? माझे टॉवेल कुणी घडी केले?"

मला हसू आलं. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "नवरा आधी माझ्या बाजूने होता. नंतर तो मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर चांगला होता गं. विश्रांती घ्या म्हणाला."

नवरा मुलाला घेऊन वेगळा झाला. बाईंनाही वाटायला लागलं, आपलंच डोकं फिरलंय. बर्लिनची भिंत पडल्यावर एक दिवस खालच्या मजल्यावरचा शेजारी वर आला आणि दारातच रडायला लागला. गुप्त पोलिसांना किल्ली त्यानेच दिली होती.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"त्याला मिठी मारली. मी वेडी नव्हते! एवढी चांगली बातमी मला आयुष्यात कुणी दिली नाही."

आणि अशा बाईंनी एका सकाळी स्वतःच्या घराची जादा किल्ली माझ्या हातावर ठेवली. "मुलगा लांब आहे. शेजारणीकडे असावी," एवढंच म्हणाल्या.

गेल्या वसंतात, गाड्यांवर पाइनचे पिवळे पराग साचले होते त्या दिवसांत, बाई दारात आल्या. आत यायला तयार नव्हत्या.

"माझा चष्मा फ्रीजमध्ये होता. किल्ली तुझ्याकडे आहे."

"बाई, मी आले नव्हते."

"मग कुणाला दिलीस?"

मी किल्ली परत दिली. त्यांनी कुलूप बदललं. पुढच्या आठवड्यात साबण साखरेच्या डब्यात निघाला, मग चपला ओव्हनमध्ये. माझी मुलगी म्हणाली, "आई, शी इज रिअली स्केअर्ड. डू समथिंग!" काय करणार होते मी? कुणी आलं नव्हतं म्हणावं, तर बाई, तुमचंच डोकं फिरलंय असं सांगितल्यासारखं. आलं होतं म्हणावं, तर त्या माणसांना मीच पुन्हा त्यांच्या घरात घेतल्यासारखं. मी काहीच बोलले नाही. गप्प राहिले म्हणून त्यांचा संशय आणखी पक्का झाला.

मुलगा विमानाने आला. त्याच्या आग्रहावरून मीही डॉक्टरकडे गेले. आज कोणता वार, राष्ट्राध्यक्ष कोण, असे साधे प्रश्न होते. बाई ताठ बसून म्हणाल्या, "उत्तर देणं सक्तीचं आहे का?" डॉक्टर हसला. चांगला होता तोही. स्मृतिभ्रंश आहे, म्हणाला, वाढत जाणार. बाहेर पार्किंगमध्ये मुलगा गाडीला टेकून मला म्हणाला, "लहानपणी बाबा म्हणायचे, आईला भास होतात. मी मानत होतो. मोठेपणी तिची माफी मागितली. आता पुन्हा तेच सांगू तिला?"

त्याने त्यांना आमच्यापासून वीस मिनिटांवरच्या केअर होममध्ये ठेवलं, स्मृती गेलेल्यांच्या विभागात. जागा स्वच्छ, माणसं मायाळू. पण तिथल्या मुली रोज खोली आवरायच्या, कपडे नीट घडी करून ठेवायच्या. मी त्यांना विनवलं, वस्तू हलवू नका. त्या हो म्हणाल्या. शिफ्ट बदलली की पुन्हा सगळं आवरलेलं.

मी शेवटची गेले तेव्हा बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मला पाहून उठून उभ्या राहिल्या. मला त्यांनी कधी 'मॅडम' म्हटलं नव्हतं.

"मॅडम, मी करते सही."

"कसली सही, बाई? मी शेजारची."

"तिचं नाव सांगते. ती कुणाला भेटते तेही सांगते. फक्त घरी सोडा. मुलगा लहान आहे."

"काही सांगायचं नाही तुम्हाला. कुणाला काही सांगू नका."

मग अगदी हळू आवाजात त्यांनी मैत्रिणीचं नाव सांगितलं. एवढी वर्षं मलाही ते ठाऊक नव्हतं. नाव सांगून झालं आणि तोंडावर हात दाबून त्या रडायला लागल्या. मी त्यांना जवळ घ्यायला पुढे झाले, तर भिंतीला टेकल्या.

तीन आठवड्यांनी त्या गेल्या. ते नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या मुलालाही नाही.

त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी मी निघाले तर बाई माझ्या मागोमाग विभागाच्या दारापर्यंत आल्या. दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही, आणि ते आकडे रहिवाशांना दिसू देऊ नका अशी पाटी तिथे लावलेली आहे. बाई माझ्या बोटांकडे टक लावून बघत होत्या. मी अंग आड केलं आणि आकडे दाबले.