चिंधीचं वांगं

चैत्रातलं ऊन पत्र्यावर तडतडतंय. मालन गोठ्यातल्या बाजेवर जरा पाठ टेकते, आणि झोपायचं नाही म्हणता म्हणता तिचे डोळे मिटतात. नवरा निवृत्ती ट्रॅक्टर आणायला गेलाय. घरच्या काटेरी वांग्यांची शेवटची ओळ मोडून तिथं विकतची रोपं लावायचं त्याचं ठरलंय. मालनला ते अजिबात पटलेलं नाही, पण तिनं तोंड काही उघडलेलं नाही.

मिटल्या डोळ्यांपुढं सगळं लाल होतं आणि त्यातून सपासप आवाज येतो. मालन त्याच ओळीत उभी आहे. पौषात गेलेली तिची सासू, हौसाबाई, पदर खोचून विळ्यानं झाडं तोडत सुटलीय. फांद्या उडतात, काटे मालनच्या तोंडावर येतात.

"आत्याबाई, आवं काय करताय? एवढीच ऱ्हायलीत."

"बियाण्याचं वांगं कुठाय?"

हौसाबाई दरसाल सगळ्यात देखणं वांगं बियाण्याला राखायची, त्याच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातल्या कुणाचा विळा तिथं जायचा नाही. पण तिच्याच तेराव्याला भावकीतल्या बायकांनी ओळ ओरबाडली आणि ते वांगंही रश्श्यात गेलं.

"माझ्याच नावानं शिजवलंत," म्हातारी म्हणते आणि विळ्याची मूठ मालनच्या खांद्यात हाणते.

मालन पडते ती तेराव्याच्या मांडवात. पंगत बसलीय. हौसाबाई उकळत्या कढईला लाथ घालते, रस्सा माणसांच्या मांड्यांवर सांडतो, तरी माणसं खाली मान घालून जेवतायत. मालन विळा हिसकायला जाते आणि तिचा तळवा फाटतो. दोघी मातीत लोळतात. जन्मात जिच्यापुढं मान वर केली नाही, तिचे केस मालन मुठीत धरते, मनगटाला कडकडून चावते.

"तुमी गेला, आन् मला एकटीला टाकलंत," ती रडत म्हणते. "मी कुणाला इचारू?"

"आता बरी चावलीस," म्हातारी धापा टाकते. "नवऱ्याम्होरं कुठं जात्यात ह्ये दात?"

मांडव नाही, पंगत नाही. सगळीकडं तोडलेली खोडं.

"जुनं झाड छाटल्याबिगर फुटत न्हाय. फुटव्याला वांगं धरंल. पर मुळं जाग्यावर ऱ्हायली तर."

ती मालनचा पदर टर्रकन फाडते, चिंधी तिच्या मनगटाला आवळते आणि दातानं गाठ ओढते. मालनची बोटं काळीनिळी पडतात.

"आता फिरीव म्हणावं ट्रॅक्टर."

धडधड ऐकून मालन खडबडून उठते. ट्रॅक्टर बांधापाशी आलाय. तिचा पदर फाटलेला आहे. मनगटावर चिंधी आहे, गाठ ओली आहे.

ती गाठ सोडत नाही. वळचणीचा विळा घेते, जाऊन ओळीच्या तोंडाशी बसते. झाडं उभीच आहेत.

"ऊठ, चाकाखाली येशील," निवृत्ती वरून खेकसतो.

मालन फक्त हात वर करते. तो चिंधीकडं बघतो. लहानपणी असल्या एका चिंधीला हात लावला म्हणून आईनं त्याला पाठ सुजेस्तोवर मारलं होतं.

तो किल्ली फिरवून इंजिन बंद करतो. मालन पहिलं झाड छाटायला घेते.