पाड आणि अढी

आमच्याकडे सगळंच काही नुसतं पिकत नाही. पेरू पाडाला लागतो, चिंच गाभुळते, ज्वारी हुरड्यात येते. भेंडी एक दिवस तोडायची राहिली की निबर होते. उसाला तुरा आला तर कुणी कौतुक करत नाही, तोड लांबली म्हणून हळहळतात. आंबा उतरवून गवताच्या थरात ठेवायचा, त्याला अढी घालणं म्हणतात, आणि मग चार दिवस तिकडे फिरकायचंही नाही. माणसांनाही हीच मापं. पुरुष पोक्त होतो, आणि लग्न राहिलेली बाई जून होते. मी जून. तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण मला कान आहेत.

हे शब्द मी आणि तात्या मिळून वापरायचो. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांच्या आजारपणात माझं लग्नाचं वय निघून गेलं. अंथुर्णे गावाबाहेर आमची वस्ती आणि पेरूची बाग आहे. सकाळी बागेत शिरलो की ते म्हणायचे, "पाडाला लागलाय." मी म्हणायचे, "न्हाय, अजून दोन दिस." यावर आम्ही झाडाझाडाला भांडायचो. ते गेले आणि भांडण संपलं. आता व्यापारी फोनवर विचारतो, "माल तयार हाय का?" पेरू असो की डाळिंब, त्याला सगळं तयारच लागतं. धाकटा भाऊ बारामतीला नोकरीला आहे, बिऱ्हाडही तिकडेच. भावजय पुण्यात वाढलेली, गुणाची आहे, पण तिच्या घरी आंबे पेटीतून पिकूनच येतात. विहिरीवरच्या मोटारीनं पाणी उचललं नाही म्हणून मोटारीलाच शिवी दिली, तर तेवढाच काय तो दिवसभरातला माझा आवाज.

दोन वर्षांपूर्वी थंडीत भावानं भिगवणकडचं स्थळ आणलं. या वयात स्थळ! मी आधी हसले, मग चिडले, मग ठेवणीतली साडी काढली. गृहस्थांची बायको वारलेली, मुली सासरी, शेती स्वतः बघणारे. बहिणीला घेऊन आले. पोहे मीच केले आणि मीच पुढे नेले. विशीत करायचं ते पन्नाशीत करताना दोनदा पदर सारखा केला, याचा मला भयंकर राग आला.

पोहे झाल्यावर ते बाग बघायला निघाले. एका झाडापाशी थांबले, पेरू न तोडता हातात धरला, देठाजवळ अंगठ्यानं हलकेच दाबला आणि म्हणाले, "पाडाला लागलाय."

"न्हाय, अजून दोन दिस," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आवो, वास घ्या की!"

"वासाला काय भुलायचं? देठ बघा."

ते मोठ्यानं हसले. "बरं बाई, तुमचं खरं." मला एकदम गलबलून आलं. तात्यांच्या माघारी माझ्याशी कुणी वादच घातला नव्हता. मला फार काही नको होतं. रोज सकाळी असं कुणीतरी चुकीचं बोलावं, बस.

दुसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला. "वन्सं, पाहुण्यांना काय कळवू?" होकार जिभेवर होता. पण बाईनं लगेच हो म्हणू नये, हे हाडात मुरलेलं. मी लाजत म्हणाले, "अजून अढी हाय म्हणा, चार दिस जाऊ द्या. मग सांगते." फोन ठेवल्यावर स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन मी अंगणात दोन चकरा मारल्या.

चार दिवसांनी भावाला फोन केला. तो म्हणाला, "आक्का, त्ये दुसरीकडं बघाय लागलं म्हनं. जाऊ दे." मी बरं म्हणाले. जून बाईला कोण पत्करणार, असं मनाशी धरलं आणि तेच धरून वर्ष काढलं.

मग इंदापूरच्या बाजारात त्या पाहुण्यांची बहीण भेटली. भावाचं लग्न झालं, बायको मायाळू आहे, असं सांगून झालं. निघता निघता ती थांबली.

"ताई, एक इचारू? आमच्या भावाचं काय चुकलं व्हतं? तुमच्या मनात अढी हाय, आसा निरोप आला. त्यो लई दिस खंतावला. म्हनायचा, पैल्याच भेटीत पेरूवरनं वाद घातला, बाईला राग आला आसंल."

मी बाजाराच्या मधोमध उभी राहिले. मी गवतातली अढी म्हणाले होते. भावजयीला फक्त मनातली ठाऊक, तिनं तीच पुढे कळवली. तिचा तरी काय दोष? गवतातली ज्याला चटकन कळली असती, तो माणूस एकच होता आणि नेमकं त्यालाच मी स्वतः काही सांगितलं नव्हतं.

"राग न्हवता आला," मी म्हणाले. "येवढं सांगा त्यांना."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. बहुतेक तिला कळलं. "आता कशाला, ताई?" ती हळूच म्हणाली. "सुखात हाय त्यो."

खरंच होतं ते. मी मान हलवली, पिशवी उचलली आणि एसटीत बसले. गाडीत ओळखीच्या बायका होत्या, म्हणून अंथुर्णे येईपर्यंत मी रडले नाही. वस्तीवर आल्यावर रडू आलं, आणि काय झालं म्हणून विचारायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते बराच वेळ थांबलं नाही.