चिंचेवरची आई आणि गोठ्यातली

जाफराबादला आमच्या गोठ्यामागे चिंचेचे झाड आहे. त्यावर वटवाघळे उलटी लटकतात. उन्हाळ्यात एखाद्या मादीच्या छातीला पिल्लू बिलगलेले दिसते. ती त्याला पंखात घेते, चाटते. खाली उभी असलेली आमची म्हैस तिच्याहून शेकडो पटींनी वजनदार. दोघी पिलांना दूध पाजतात, एवढेच साम्य. यंदाच्या चैत्रात तेही उरते की नाही, अशी मला शंका आली.

म्हैस पहिल्या वेताची होती. दिवस कलताना व्याली. मी वैरण आणायला गेलो, तेवढ्यात पत्नीने पारडाला कोमट पाण्याने न्हाऊ घातले, तेल-हळद चोळली, ओव्याची धुरी दिली. आमच्या घरी बाळाला हेच करतात. मी परतलो तेव्हा म्हैस पारडाला लाथा मारत होती. ते उठून पुन्हा कासेकडे गेले. तिने शिंगे रोखली. मला सडांना हात लावू देईना. पहिला चीक पोटात गेला नाही, तर पारडू जगणार नव्हते.

शेजारच्या चाची कुंपणापलीकडून पाहत होत्या.

"भाभी, पाळणा तेवढा बांधायचा राह्यला! म्हशीला वाटलं, पाहुण्याचं पोर आलं."

"हसा तुम्ही. नजर लागू न्हाई म्हणून केलं मी," पत्नी म्हणाली.

"मंग तिला तिच्या पोराचा वास कुठून येणार? बिलकुल हळदीचा घमघमाट सुटलाय."

पत्नीने पारडू गोणपाटाने खसखसून पुसले. म्हैस जिथे व्याली होती, तिथले ओले भुसकट उचलून त्याच्या पाठीवर चोळले, वर मीठ शिंपडले आणि त्याला म्हशीच्या तोंडापुढे ठेवले.

"अहो, दावं ढिलं करा. वाकू द्या तिला."

मी दावे सैल केले. म्हशीने फुसकारा टाकला, हुंगले, थांबली. मिठासाठी असेल, एकदा जीभ फिरवली. मग पुन्हा. चाटता चाटता तिच्या घशातून खोल, मंद आवाज निघू लागला. पारडू धडपडत कासेखाली शिरले. या वेळी तिने पाय उचलला नाही.

"चला, उद्या खरवस पाठवा," चाची म्हणाल्या. "बारशाचं जेवल्याबिगर मी न्हाई ऐकणार."

"आधी त्याचं पोट भरू द्या, चाची," पत्नी म्हणाली.

मी खांबाला टेकून बसलो. अंधारू लागताच वटवाघळे उठली. एक मादी पोटाशी पिल्लू घेऊन गोठ्यावरून गेली. पारडाची शेपटी हलत होती. पत्नीने हळदीची वाटी उचलली आणि घरात नेली.